नाई म्हणणाऱ्यानं पाहून यावं

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आईनं सांगितलेला हिशोब खरा धरला तर. शाळेत चौथीपर्यंत गेलो आणि चौथीही पुरी केली नाही. पण आमच्या गावसभेच्या रजिस्टरात पहिली सही माझी आहे. सही, अंगठा नव्हे.

आमचं गाव वैनगंगेच्या अलीकडं, चंद्रपूर जिल्ह्यात. नदी ओलांडली की गडचिरोली. तिन्ही बाजूंनी जंगल आणि एका बाजूनं धानाचे बांध. तिकडं मोहर्लीला लोक जिप्सीत बसून वाघ पाहायला येतात आणि दिसला नाही तर नाराज होऊन परत जातात. आमच्याकडं दिसलेल्या वाघाचं कोणाला काही वाटत नाही. भीती असते ती न दिसलेल्याची.

ग्रामपंचायत चार गावांची मिळून एक. कचेरी दुसऱ्या गावात. तिथली ग्रामसभा व्हायची तेव्हा व्हायची, आमच्या गावाला दुसऱ्या दिवशी कळायचं. म्हणून आम्ही आपल्या गावापुरती सभा बसवायला लागलो, त्याला वीस वर्षं होत आली. दर महिन्याचा पहिला सोमवार, दुपारी चार वाजता, समाजमंदिराच्या ओट्यावर. प्रत्येक घरातून एक बाई आणि एक माणूस. बांबू कोणी कुठून तोडायचा, तळ्याचं पाणी कधी सोडायचं, जंगलात कोणी कुठं जायचं, हे तिथं ठरायचं.

सभेला नियम एकच होता आणि तो मी घालायला लावला होता. हात मोजायचे नाहीत. एक जरी माणूस 'नाई' म्हणाला तर ठरलं नाही असं समजायचं आणि पुढच्या महिन्यात परत बसायचं. सुरुवातीला सगळे हसले. मग एका वर्षी बांबूचा ठेकेदार आला. गोड बोलणारा माणूस, सगळ्यांना पटला. मी एकटा नाई म्हणालो. चार महिने नाई म्हणालो. लोक माझ्याशी बोलेनात, किराणा दुकानात मी गेलो की तिथला गप्पांचा अड्डा उठायचा. पाचव्या महिन्यात कळलं की त्या ठेकेदारानं पलीकडच्या गावातली बांबूची बेटं बुडख्यापासून साफ केली होती. त्यानंतर गावात माझ्या 'नाई'ला वजन आलं. मला ते आवडायचं. खोटं कशाला लिहू.

माझा लहान भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. दोघांची घरं एकाच आवारात, मधे हातभर उंचीची मातीची भिंत. सभेत तो माझ्या मागं बसायचा. मी बोललो की तो त्याच्या विरुद्ध कधी बोलत नसे. आमच्या घरात तशी रीतच होती.

दुसरी एक रीत त्याच्या बायकोची. आमच्याकडं नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरा म्हणतात, आणि भासऱ्याशी लहान भावाची बायको समोरासमोर बोलत नाही. आता हे कमी होत चाललंय, नव्या सुना मोबाइलवर भासऱ्याचा फोटोही काढतात. पण ही पस्तीस वर्षांपूर्वी आली, तेव्हापासून माझ्याशी एक शब्द थेट बोललेली नाही. काही सांगायचं असलं तर भिंतीला सांगायची, कोंबडीला सांगायची. "अगे कोंबडे, भासऱ्याले सांग, बंडीचं चाक ढिलं झालं." मी पण कोंबडीलाच उत्तर द्यायचो. पस्तीस वर्षं आमचं चांगलं चाललं होतं.

त्या वर्षी मार्चच्या सभेत खालच्या नाल्याचा विषय आला. आमच्याच गावचा एक माणूस वनखात्यात रोजंदारीवर आहे, त्यानं सांगितलं की नाल्यात वाघीण पिलं घेऊन उतरलीय. नाल्याकडची वाट मोहाच्या हंगामात बंद ठेवू, सगळ्यांनी वरच्या बाजूची झाडं वाटून घेऊ.

नाल्याकडची मोहाची झाडं आमच्या वाट्याची. जंगलातली झाडं कोणाच्या मालकीची नसतात, पण कोणाच्या घरानं कुठल्या झाडांची फुलं वेचायची हे आजापणजापासून ठरलेलं असतं. आमची सात झाडं नाल्याच्या काठावर.

मी म्हणालो, "नाई."

तो वनमजूर म्हणाला, "भाऊ, चाला न माझ्यासंग. आत्ता जाऊन येऊ. वाळूत ताजे खोज हायेत, पंजे उमटलेत, मायचे बी आन् पिल्लाईचे बी."

"मले काय खोज दाखवतेस? तू झाला नव्हता तवापासून मी त्या नाल्यात उतरून राह्यलो."

"मंग काय झालं? खोज तर आजचे हायेत."

"मी म्हटलं न, नाई."

लोक हसले. मला वाटलं माझ्या बाजूनं हसले. सचिवबाईनं रजिस्टरात लिहिलं, अमक्याचा नाई, विषय पुढच्या सभेत. सचिव म्हणजे आमच्या अंगणवाडीची मदतनीस. तिचं अक्षर मोठं आणि गोल आहे, मला चष्म्याशिवाय वाचता येतं. मी तिथल्या तिथं वाकून ते वाचलं.

माझा भाऊ मागं बसला होता. तो काही बोलला नाही.

पुढची सभा व्हायच्या आत तो गेला. आदल्या सांजेला मीच त्याला म्हणालो होतो, उद्या मोहावर तू जा, मी शेताच्या धुऱ्याचं कुंपण पाहतो. सकाळी मी कुंपणाला काट्या लावत होतो. ओरडा ऐकू आला तेव्हा मला वाटलं रानडुक्कर निघालं असेल. मी हातातली काटी पुरी बांधली आणि मग गेलो.

त्याबद्दल इतकंच लिहितो. नाल्यावर पोचलो तेव्हा माणसं जमली होती. वनखात्याचे साहेब आले, त्यांच्या एका बुटाची नाडी सुटलेली होती. पंचनामा होईपर्यंत मी ती नाडीच पाहत होतो. कोणीतरी त्यांना सांगायला पाहिजे, पाय अडकेल, असं मनात येत होतं. दुसरं काही येत नव्हतं. टोपली अर्धी भरलेली होती. फुलं ताजी होती, ती कोणी घरी आणली ते मला माहीत नाही.

तेरावा झाला. मी जेवत होतो, झोपत होतो. भाजीत मीठ पडलंय की नाही ते कळत नव्हतं. माझी बायको विचारायची, "कशी झाली?" मी म्हणायचो, चांगली. एक दिवस ती म्हणाली, "मीठ टाकलंच नाई मी आज." मी तरी जेवून उठलो होतो.

मला कोणी काही बोललं नाही. मी वाट पाहत होतो असंही नाही. किराणा दुकानात गेलो तर लोक सरकून जागा द्यायचे. बांबूच्या वेळी उठून जायचे ते बरं होतं.

एप्रिलच्या सभेत कोणी विषयच काढला नाही. दुखवट्याच्या घराला सभेत काही विचारायचं नाही अशी आमच्याकडं पद्धत आहे, आणि माझा नाई तर रजिस्टरात लिहिलेला होता. मला विचारल्याशिवाय तो काढता येत नव्हता. म्हणून वाट बंद झालीच नाही. लोक आपापल्या भीतीनं तिकडं जात नव्हते, तेवढंच. चहा झाला आणि सभा उठली.

मेच्या सभेला सरपंचबाई स्वतः आल्या. दोन कारणं होती. तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर आला होता, बायका पानं तोडायला नाल्यापर्यंत जाणार होत्या. आणि सरपंचबाईंची मुदत महिनाअखेर संपत होती.

त्या शेजारच्या गावच्या, शिकलेल्या, स्पष्ट बोलणाऱ्या. ओट्यावर सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हे पाहा, मी जायच्या आधी पंचायतीत ठराव घेते. या गावाची सभा दर महिन्याले होईल, आन् जंगल-पाण्याचं काही करायचं तर पंचायत पहिले या सभेले विचारेल. सरपंच कोणी बी होवो. पण त्यासाठी सभेचा नियम लिहून द्या मले. आन् हे एका माणसाच्या नाईनं अडवायचं काढून टाका. उद्याचा सरपंच म्हणेल, याहिच्यानं दोन महिन्यांत एक वाट बंद होत नाई, याहिले कायले विचारू? सभा मोडायले त्याले तेवढंच पुरे."

कोणी माझ्याकडं पाहिलं नाही. पन्नास-साठ माणसं बसली होती आणि सगळी सतरंजीकडं पाहत होती.

"हात मोजा," सरपंचबाई म्हणाल्या. "ज्या बाजूनं जास्त, तो निर्णय. सगळीकडं असंच असते."

सचिवबाईनं विचारलं, "हा नियम काढाचा काय? कोणाचा नाई हाये?" जुन्या पद्धतीप्रमाणं तीनदा विचारायचं असतं. तिनं दुसऱ्यांदा विचारलं.

वीस वर्षं मी त्या नियमासाठी भांडलो होतो. आता तो निघून चालला होता आणि मला काही वाटत नव्हतं. पायाला मुंग्या आल्या होत्या, तो पाय मी मांडीखालून काढला. निघू दे, असं वाटलं. लवकर निघू दे, म्हणजे घरी जाता येईल.

तिसऱ्यांदा विचारायच्या आत बायकांच्या बाजूनं आवाज आला.

"माझा हाये."

माझ्या भावाची बायको. ती पहिल्यांदाच सभेत एकटी बसली होती. तिच्या घरातून आता दुसरं कोणी यायला उरलं नव्हतं.

सचिवबाई म्हणाली, "तुमचा? तुमचा नाई?"

"हो. माझा नाई. लिहा."

सरपंचबाई म्हणाल्या, "बाई, तुमच्यासाठीच तर काढून राह्यलो आपण हा नियम. तुमच्याच घरावर..." त्या तिथंच थांबल्या.

तिनं डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला. तोंड माझ्याकडं नव्हतं, खांबाकडं होतं. "सचिवबाई, भासऱ्याले सांगा. हे मी त्याहिच्या बाजूनं बोलून नाई राह्यली."

सचिवबाईनं माझ्याकडं वळून सांगितलं, "भाऊ, हे त्या तुमच्या बाजूनं बोलून नाई राह्यल्या."

"ऐकलं मी," मी म्हणालो.

मागून एक म्हातारी बोलली, "आता सभेत कायचा पदर वो! सरळ बोल न त्याच्याशी. ही सचिव काय पोष्टमन हाये?"

दोघं-चौघं हसले. ती हसली नाही, पण पदरही मागं केला नाही.

"सचिवबाई, सभेले सांगा. मार्चात आमच्या घरच्याइले वाट बंद कराची होती. घरी येऊन रात्रभर तेच बोलले मले. सभेत बोलले नाई. मोठ्या भावासमोर कसं बोलावं म्हणून. त्याहिनं एक बार म्हटलं असतं, का भाऊच्या नाईले माझा नाई, तर त्यावर बोलणं झालं असतं, तंटा झाला असता, अर्धं गाव त्या रोजी नाल्यावर खोज पाहाले गेलं असतं. नियमात जागा होती. त्याहिनं वापरली नाई." मग ती म्हणाली, "मले वापराची हाये. हात मोजाले लागले का माझा एकटीचा हात कोणाले दिसन? बाई मानूस, एकटी, न बोलणारी. माझा नाई राह्यला पाहिजे."

सरपंचबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"मंग सभा टिकंल कशी?" त्यांनी विचारलं. "त्या नाल्याचं काय? परवापासून बाया पानाले जातील."

"तेच सांगून राह्यली. सचिवबाई, लिहा. नाई म्हणाचं तर बसल्या जागी म्हणाचं नाई. ज्यानं नाई म्हटलं, त्यानं दुसऱ्या रोजी सकाळी ती जागा पाहून यावं. संग दोन जण न्यावं, एक तरी हो म्हणणारा. पाहून आल्यावर बी नाई म्हणत असंल तर त्याचा नाई पक्का, सभा परत बसन. अन् गेलाच नाई, तर त्याचा नाई गेला."

वनमजूर कोपऱ्यात उभा होता. तो म्हणाला, "बराबर हाये." आणि मग घाबरून माझ्याकडं पाहिलं. दोन महिन्यांत माझ्याकडं पाहणारा तो पहिला माणूस.

सचिवबाईनं नियम लिहिला आणि वाचून दाखवला. तीनदा विचारलं. कोणाचा नाई नव्हता. सरपंचबाईंनी त्याची नक्कल मागून घेतली, घडी करून पिशवीत ठेवली. तो ठराव महिनाअखेरीच्या आत पंचायतीत मंजूर झाला, पुढं नवा सरपंच आला त्यालाही तो पाळावा लागतोय. एकदा त्यानं तळ्याचा गाळ सभेला न विचारता काढायला घेतला, तर बायकांनी जेसीबीपुढं सतरंजी अंथरली आणि तिथंच सभा भरवली. ते पुढचं.

त्या दिवशी सभा उठायला लागली तेव्हा सचिवबाईनं रजिस्टराचं जुनं पान काढलं. मार्चचं. म्हणाली, "भाऊ, तुमचा हा नाई अजून लिहिलेला हाये. नाल्याची वाट बंद कराची का नाई? काय करू, खोडू?"

तिनं चांगल्या मनानं विचारलं. तिथंच हो म्हटलं असतं तर सगळ्यांना सोपं झालं असतं. सगळ्यांना तेच हवं होतं, हे मला कळत होतं. भावाच्या मरणाइतका मोठा पुरावा दुसरा कुठला, असंही कोणी म्हणालं असतं. पण मला तसा तो नाई सोडायचा नव्हता. का ते मला तेव्हा कळलं नाही, आजही नीट सांगता येत नाही. दुसऱ्याच्या कीवेनं खोडलेला नको होता, एवढं खरं.

मी म्हणालो, "आत्ता नियम लिहिला न? मंग तो मलेही लागू हाये. उद्या पाहून येतो, मंग सांगतो."

"भाऊ, आता काय पाहाचं राह्यलं?" कोणीतरी मागून म्हणालं.

"मी पाह्यलंच कुठी?" मी म्हणालो. "त्या रोजी मी बूट पाहत होतो."

त्याचा अर्थ कोणाला कळला नाही. कोणी विचारलाही नाही.

बायकांच्या बाजूनं आवाज आला, "सचिवबाई, भासऱ्याले सांगा, वाट बंद कराले हो म्हणणारी मी येतो संग."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर आम्ही तिघं निघालो. वनमजूर पुढं, हातात काठी आणि थाळी. मधे मी. माझ्या मागं दहा-बारा पावलांवर ती.

नाल्याकडची झाडी सुरू झाली तसा वनमजूर म्हणाला, "बोलत राहा. मोठ्यानं बोलत राहा. आवाज ऐकला का ती आपली आपून बाजूले होते."

आम्ही दोघंही गप्प झालो. पस्तीस वर्षांची सवय. ती माझ्याशी बोलू शकत नव्हती, मी तिच्याशी. वनमजुरानं थाळी वाजवली आणि वैतागून म्हणाला, "अवो, बोला न कोणीतरी! मी एकटा काय भजन म्हणू?"

मग ती त्याला म्हणाली, एवढ्या मोठ्यानं की पाखरं उडाली, "दादा, भासऱ्याले विचारा, बंडीचं चाक बसवलं काय?"

"सांग तिले, बसवलं," मी ओरडलो. "आरा एक नवा टाकला."

"त्याहिले सांगा, धुऱ्याचं कुंपण एका जागी मोकळंच हाये. डुकरं येतील."

"सांग, बांधतो."

"अन् सांगा, आमच्या भिंतीजवळ दोडक्याचा वेल टाकतो म्हणून. सावली पडंल त्याहिच्या आंगणात."

"पडू दे म्हणा."

असं ओरडत ओरडत आम्ही नाल्यात उतरलो. घसा बसला माझा. पाणी एका बाजूला थोडं साचलेलं होतं, बाकी वाळू. वनमजूर थांबला आणि काठीनं दाखवलं. मोठा खोज एक, माझ्या पंजापेक्षा रुंद. त्याच्या आजूबाजूला लहान, बरेच, एकमेकांवर पडलेले, पोरं खेळतात तसे. कडा अजून ढासळल्या नव्हत्या. सकाळचेच होते.

मी खाली बसलो. गुडघे दुखले. बराच वेळ पाहिलं. नाल्याच्या वर आमची झाडं दिसत होती, त्यांच्याखाली पालापाचोळा साचला होता. तो झाडायला कोणी आलं नव्हतं. ती माझ्या मागंच उभी होती, तिनंही पाहिलं. ती रडली नाही, मीही नाही. वनमजूर थाळी वाजवत राहिला.

"झालं काय, भाऊ?" त्यानं विचारलं.

"झालं."

परत आलो तेव्हा अंगणवाडी सुरू झाली होती, सचिवबाई पोरांना खिचडी वाढत होती. मी रजिस्टर मागितलं. तिनं हात पदराला पुसून आणून दिलं. मार्चचं पान मी काढलं आणि माझ्या नाईवर माझ्या हातानं रेघ मारली. पेन अडखळलं म्हणून दुसऱ्यांदा मारली. मग मी कोयता घेतला आणि बाकीच्यांबरोबर नाल्याच्या वाटेवर काट्या टाकायला गेलो.